जपानी पटाशी आणि तिचे लोहार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
जपानमधील लोहारकामाचा इतिहास प्रामुख्याने तलवारीच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. मेइजी शासनाने १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी घातल्यावर बेकार झालेले तलवारकार सुतारकामाच्या हत्यारांकडे वळले आणि त्यातून उत्कृष्ट पटाशी, म्हणजेच ‘नोमी’, घडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अंशतः खरे असले, तरी त्यामुळे हत्यारे घडविणाऱ्या लोहारांची स्वतंत्र परंपरा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या परंपरेचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पटाशीची घडण
नोमीच्या पात्याचा बहुतांश भाग मऊ लोखंडाचा असतो. त्यावर कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून व घणाने ठोकून सांधला जातो. पोलाद धार टिकविते. लोखंड आघात सोसते व धार लावणे सुलभ करते. पात्याची मागील बाजू किंचित खोलगट ठेवतात. त्यामुळे ती दगडावर सपाट करताना थोडेच पोलाद घासावे लागते. ठोकून वापरावयाच्या पटाशीची मूठ फुटू नये म्हणून तिच्या टोकास लोखंडी कडे बसवितात.

केंद्रे आणि कारागीर
ह्योगो प्रांतातील मिकी येथील किल्ला १५८० मध्ये पडल्यानंतर नगराच्या पुनर्बांधणीसाठी सुतार व लोहार तेथे एकत्र आले, अशी परंपरा सांगितली जाते. निगाता प्रांतातील योइता व सान्जो हीदेखील तलवारबंदीपूर्वीचीच केंद्रे होत. तोक्योचा विख्यात लोहार चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) तलवारकारांच्या घराण्यातील होता. परंतु बंदीच्या वेळी तो अवघा दोन वर्षांचा होता. त्याची कीर्ती सुतारांसाठी घडविलेल्या हत्यारांवर, विशेषतः रंध्याच्या पात्यांवर, उभी राहिली.

मागणी आणि ऱ्हास
१९४३ मध्ये तोक्योत झालेल्या एका पाहणीनुसार उत्तम बांधकामासाठी सुताराला १७९ हत्यारे लागत. त्यांपैकी ४९ पटाश्या होत्या. लाकडी सांध्यांच्या विविधतेमुळेच इतक्या प्रकारांची गरज भासे. युद्धोत्तर काळात विद्युत यंत्रे व कारखान्यात कापून आलेले लाकूड यांमुळे ही मागणी घटली. पारंपरिक हस्तव्यवसायांविषयीच्या १९७४ च्या कायद्यान्वये योइतास १९८६ मध्ये व मिकीस १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

निष्कर्ष
नोमीचा विकास केवळ तलवारबंदीतून झाला नाही. सुताराची गरज व लोहाराचे कौशल्य यांच्या दीर्घ संबंधातून तो झाला. म्हणूनच शासकीय मान्यतेने लोहाराच्या कलेस प्रतिष्ठा लाभली, तरी हाताने सांधे कोरणारा सुतार उरला नाही, तर ती कला टिकविणे कठीण आहे.