गर्दी-व्यवस्थापन : सिम्युलेशनद्वारे निर्णयप्रशिक्षण

गर्दीचे संगणकीय प्रतिरूप पडद्यावर चालते ठेवून पोलीस, अग्निशमन आणि प्रशासकीय अधिकाऱ्यांकडून आणीबाणीतील निर्णयांचा सराव करून घेण्याची पद्धत. तिच्या मुळाशी गणित आहे. डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘सामाजिक बल’ प्रतिमानात प्रत्येक माणूस आपल्या ठिकाणाकडे ओढला जातो, तर इतर माणसे व भिंती यांच्यापासून दूर ढकलला जातो. दारे-जिने किती रुंद हवेत हे ठरवायला अशी प्रतिमाने वापरली जातात. पण त्यांचा खरा उपयोग अधिकाऱ्याची नजर घडवण्यात आहे, कारण चेंगराचेंगरी जिथे होते तिथे ती सहसा सुरू झालेली नसते. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी बाहेरची कोंडी फोडण्यासाठी पोलिसांनी फाटक उघडले. आत शिरलेला लोंढा समोरच्या बोगद्यातून प्रेक्षकांनी आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. या दुर्घटनेत ९७ जणांचा बळी गेला. फाटक उघडताना बोगदा बंद करायला हवा होता. चौकशी अहवाल वाचून हे कळते, पण वाचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. सरावात घड्याळ पुढे सरकत असते, माहिती अपुरी असते आणि चुकलेला निर्णय पुन्हा घेऊन पाहता येतो.

माणसे म्हणजे कण नव्हेत, हा आक्षेप गंभीर आहे. लंडनमधील २००५ च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांचा अभ्यास करून जॉन ड्र्युरी व सहकाऱ्यांनी दाखवले, की संकटात अनोळखी माणसेही एकमेकांना सावरतात. गर्दी बिथरतेच असे गृहीत धरणारे प्रतिरूप अधिकाऱ्याला लोकांपासून माहिती दडवायला शिकवील, आणि ते घातक ठरेल. मात्र त्यावर उपाय प्रतिरूप सुधारण्याचा आहे, सराव सोडून देण्याचा नाही. लोकांना वेळेवर खरे सांगितले तर ओघ कसा बदलतो, हेही त्यात दिसायला हवे. पडद्यावरच्या यशाने फाजील आत्मविश्वास येतो, ही भीतीही रास्त आहे. म्हणून ब्रिटनमध्ये जोनाथन क्रेगो यांनी विकसित केलेल्या ‘हायड्रा’ पद्धतीत गट वेगळ्या खोल्यांत बसतात, माहिती तुकड्या-तुकड्यांनी मिळते, प्रत्येक निर्णयाचे कारण नोंदवावे लागते आणि शेवटी त्याची चिकित्सा होते. संगणकाइतकेच, किंबहुना अधिक, मोल या चिकित्सेचे आहे.

मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. पावसामुळे लोक पुलावर थांबले होते आणि लोकलमधून उतरणारे त्यांत भर घालत होते. असा ओघ जिन्याच्या तोंडाशी आवरत नाही. तो फलाटावरच थोपवावा लागतो. त्यामुळे इथल्या सरावात स्टेशन मास्तर, रेल्वे सुरक्षा दल आणि शहर पोलीस एकत्र असणे आवश्यक ठरते.