कर्नेलचे राखणदार

आपल्या कोकणात गावाला राखणदार असतो. दिसत नाही, पण पहारा सुटत नाही. संगणकातही पडद्याआड राबणारे असे प्रोग्राम असतात, त्यांना 'डीमन' म्हणतात. हे नाव 1963च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये पडलं, मॅक्सवेलच्या 1867 मधल्या कल्पित डीमनवरून. (सॉक्रेटिसच्या अंतर्यामीचा 'दाइमोन' त्याचाच पूर्वज, पण त्या वाटेने गेलो तर आजचा तास संपेल.)

आता, कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. प्रोग्राम त्याला हाक मारतो ती सिस्टीम कॉलने. उलट दिशेने हाक कशी मारायची? लिनक्समध्ये आपण पेन ड्राइव्ह लावला, की पूर्वी कर्नेल दर वेळी 'हॉटप्लग' नावाचा प्रोग्राम नव्याने सुरू करी. घटना लागोपाठ घडल्या, की नंतरची वर्दी आधी पोचायची. म्हणजे रेवसच्या धक्क्यावरून होडी सुटल्याची बातमी आधी, लागल्याची मागून! पुढे नेटलिंक सॉकेटवरून वर्दी जाऊ लागली आणि कायम जागा असलेला 'यूडेव्ह' ती ऐकू लागला.

आम्हाला मात्र खरा वाद वाटतो तो नावाचा. आलेल्या उपकरणाला नाव कोणी द्यायचं? 'डेव्हएफएस'मध्ये ते कर्नेलच ठरवी. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणून ते काम बाहेर काढलं. 2006 मध्ये डेव्हएफएस लिनक्समधून गेला. कर्नेल सांगतो, अमुक वस्तू आली. तिला हाक कोणत्या नावाने मारायची, ते बाहेरच्या नियमांच्या फाइलीत असतं, आणि ती फाइल यंत्राचा मालक बदलू शकतो.