शाळेचा लौकिक आणि घराची जागा: दादर व पार्ले

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी मोडण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहतींची योजना राबवली, आणि गिरगावच्या चाळींतून उत्तरेकडे सरकणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला तेथे मोकळ्या हवेइतकीच चांगल्या शाळेचीही ओढ होती. विलेपार्ल्यात १९२१ मध्ये, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर वर्षभरातच, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले, तर १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी शिवाजी पार्क परिसरात बालमोहन विद्यामंदिर काढले. अशा शाळांचा लौकिक शालान्त परीक्षेच्या निकालांवर जसा उभा राहिला, तसाच घरोघरच्या बोलण्यावरही, आणि जागा पाहणारे कुटुंब भाड्याबरोबर त्याचाही हिशेब करू लागले. पार्ल्यात रेल्वेमार्गाने वस्तीचे दोन भाग पाडलेले असल्यामुळे मुलाला रूळ न ओलांडता शाळेत जाता येईल का, हा प्रश्न खोल्यांच्या संख्येहून कमी महत्त्वाचा नव्हता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली आणि पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी दिली जाणारी रक्कम, हाच जागेचा खरा भाव ठरला. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांना दूरच्या उपनगरांकडे वळावे लागले, आणि शाळेशेजारचे घर हा हळूहळू ऐपतीचा प्रश्न बनला, ही या इतिहासाची सर्वांत क्लेशदायक बाजू होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखताना शेजारच्या वस्तीतील मुलांचाच विचार केला, त्यामुळे राहत्या पत्त्याला प्रवेशाच्या कागदांतही वजन आले.