फॅमिली स्क्रॅपबुक कसं बनवायचं? कागद, स्कॅनिंग, क्यूआर कोड आणि बॅकअप – संपूर्ण माहिती

आपल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो असतात, पण आजोबांच्या लग्नाचा फोटो हवा असेल तर पत्र्याची ट्रंकच उघडावी लागते. त्या फोटोची प्रत एकच असते, निगेटिव्ह कुठे गेली ते कोणाला ठाऊक नसतं आणि फोटोतली निम्मी माणसं कोण हे फक्त आजीलाच सांगता येतं. आजच्या लेखात आपण असे फोटो, पत्रिका आणि जुने कागद वापरून घरच्या घरी स्क्रॅपबुक कसं बनवायचं आणि ते टिकवायचं कसं, हे बघणार आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कोल्हापूरचा आहे. त्यामुळे हा विषय मी थोडा वेगळ्या बाजूने बघतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीसारखी गावं आणि शहरातल्या नदीकडच्या गल्ल्या पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर भांडी धुता येतात, गाद्या नवीन घेता येतात. अल्बमचं मात्र तसं नसतं. म्हणून या लेखातला मुख्य नियम आधीच सांगतो: स्क्रॅपबुक असं बनवा की मूळ वही गेली तरी ती पुन्हा छापता आली पाहिजे.

## स्क्रॅपबुक म्हणजे नक्की काय?

अल्बममध्ये फक्त फोटो असतात. स्क्रॅपबुकमध्ये फोटोसोबत पत्रिका, तिकिटं, पावत्या, चिठ्ठ्या आणि आपण लिहिलेला मजकूर असतो. हा छंद बराच जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ मध्ये पानांवर आधीच गोंद लावलेल्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं.

आपल्याकडे 'स्क्रॅपबुक' हा शब्द नवीन असला तरी सामान घरोघरी आहे. लग्नपत्रिका, आहेराची वही, शाळेचा दाखला, जुनी आंतरदेशीय पत्रं हे सगळं यात येतं.

## वहीसाठी ६ आयडिया

एका वहीला एकच विषय ठेवा. सगळं एकात कोंबलं की वही अर्धवट राहते.

1. लग्नाची वही: पत्रिका, मोजके फोटो आणि आहेराच्या वहीची झेरॉक्स. त्या काळी कोण कोण आलं होतं आणि कोणी काय दिलं, हे त्या यादीतून कळतं.
2. बाळाची वही: बारशाला सुचवलेल्या सगळ्या नावांची यादी, हातापायाचे ठसे आणि दर महिन्याला एकाच उशीशेजारी काढलेला फोटो.
3. स्वयंपाकाची वही: तांबडा-पांढरा रस्सा किंवा पुरणपोळीची कृती आजीच्याच हस्ताक्षरात. आजी लिहीत नसेल तर ती सांगेल तशीच्या तशी उतरवा. 'अंदाजाने मीठ' असं म्हणाली तर तेच लिहा.
4. सणाची वही: दरवर्षी एकाच जागी, त्याच क्रमाने उभं राहून एक फोटो. जोतिबाची चैत्र यात्रा असो, दसरा चौकातलं सोनं असो किंवा घरचा गणपती. दहा वर्षांत पोरं किती वाढली ते एका नजरेत दिसतं.
5. कामाची वही: दूध संस्थेचं पासबुक, कारखान्याची उसाची पावती, गुळाची पट्टी, पहिल्या पगाराची स्लिप. असे कागद आपण रद्दीत घालतो, पण घर कशावर चाललं ते त्यातच लिहिलेलं असतं.
6. पुराची वही: भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं तिथे टेप धरून काढलेला फोटो, तारीख आणि त्या दिवसांत कोणाच्या घरी राहिलो त्यांची नावं.

## कागद, गोंद आणि पेन कोणतं वापरायचं?

- कागद: अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री कागद घ्या. लिग्निन हा लाकडातला घटक आहे. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो तो त्याच्यामुळेच. साध्या रंगीत कार्डशीटवर जुना मूळ फोटो कायमचा लावू नका.
- चिकटे अल्बम टाळा: ज्या अल्बममध्ये पान आधीच चिकट असतं आणि वर प्लॅस्टिक ओढायचं असतं, तो सोपा वाटतो. पण काही वर्षांत फोटो असा धरून बसतो की काढताना फाटतो.
- प्लॅस्टिक कव्हर: पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं घ्या. पीव्हीसी नको. त्यातून निघणारे वायू फोटोला खातात.
- गोंद आणि सेलोटेप: सेलोटेप पिवळी पडते आणि कायमचा डाग सोडते. त्यापेक्षा फोटोच्या चार कोपऱ्यांना कागदी कॉर्नर लावा, म्हणजे फोटो हवा तेव्हा बाहेर काढता येतो.
- पेन: फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, जोर न देता लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पानांवर लिहायला पिगमेंट इंकचं पेन चांगलं.
- गुलाल, हळद-कुंकू, सुकी फुलं: हे थेट फोटोला लागू देऊ नका. छोट्या कागदी पाकिटात घालून समोरच्या पानावर लावा.
- एटीएम किंवा दुकानाची गुळगुळीत पावती: हा थर्मल कागद असतो, त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. तिची झेरॉक्स लावा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही तसंच करा.

## आधी स्कॅन, मग चिकटवा

हा क्रम उलटा करू नका. वहीत शक्यतो स्कॅनवरून काढलेली प्रिंट लावायची आणि मूळ फोटो वेगळ्या पाकिटात ठेवायचा.

स्कॅन करताना 'डीपीआय' विचारतात. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. नेहमीचा ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ८.६ मेगापिक्सेल. याची मोठी प्रिंटही नीट येते. पासपोर्ट साईझ फोटोसाठी १२०० डीपीआय ठेवा. मोठ्या कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतं.

स्कॅनर नसेल तर मोबाईल चालेल. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल फोटोला समांतर धरा. फोटोची मागची बाजू सुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणीतरी लिहिलेली ओळ हे सगळं तिथेच असतं. फोटो अल्बमला चिकटून बसला असेल तर ओढू नका, अख्खं पान स्कॅन करा.

## फाईलचं नाव आणि फॉन्ट

फाईलचं नाव वर्षापासून सुरू करा. उदा. १९८४-०५-लग्न-गडहिंग्लज-०१. अशी नावं दिली की कॉम्प्युटरवर फोटो आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारीख नक्की माहीत नसेल तर '१९८०-च्या-आसपास' असं लिहा. खोटी तारीख लिहिण्यापेक्षा ते बरं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल लहान होते आणि तिच्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे फोटो कधी आणि कुठे काढला हे, निघून जातं. फाईलच्या नावात दिसणारी तारीख ही फोटो काढल्याची नसते. म्हणून नातेवाईकांकडून जुने फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा.

मराठी मजकूर नेहमी युनिकोड मध्ये टाईप करा. जुन्या श्री-लिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. शिवाय त्यात मराठी शब्द टाकून सर्च करता येत नाही.

## नावं लिहा, आवाज रेकॉर्ड करा

माझ्या आत्याचं घर चिखलीच्या बाजूला आहे. २०१९ च्या पुरात त्यांचा अल्बम तीन दिवस पाण्यात होता. आतेभावाने आधी कधीतरी मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकलेले अकरा फोटो तेवढे उरले. त्यातल्या दोन फोटोंमधली माणसं कोण हे आता कोणालाच सांगता येत नाही. ज्यांना माहीत होतं त्या आत्याच्या सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या.

फोटो वाचवायला तंत्रज्ञान आहे, नावं वाचवायला विचारण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. प्रत्येक फोटोखाली पाच गोष्टी लिहा: कोण (डावीकडून उजवीकडे), कुठे, कधी, कशासाठी आणि हे कोणी सांगितलं. 'काकी' किंवा 'अण्णा' एवढंच लिहू नका. तुमची काकी ही तुमच्या मुलीची कोण हे तिला वीस वर्षांनी कळणार नाही. पूर्ण नाव लिहा.

वयस्कर माणसांसमोर 'मुलाखत देता का' म्हणून बसलं की ती गप्प होतात. त्यापेक्षा फोटो हातात द्या, मोबाईलचं व्हॉईस रेकॉर्डर चालू केलंय हे सांगा आणि विचारा, 'आज्जी, हे कोण गं?' पुढचं आपोआप येतं.

### क्यूआर कोडने आवाज वहीत कसा आणायचा?

रेकॉर्डिंग ड्राईव्हवर अपलोड करा, लिंक घ्या आणि तिचा क्यूआर कोड बनवून पानावर लावा. स्कॅन केलं की आजीचा आवाज ऐकू येतो. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- स्टॅटिक कोड बनवा. डायनॅमिक कोड त्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून जातो. कंपनीने सेवा बंद केली की कोड मेला.
- एरर करेक्शन 'एच' निवडा. यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. हळदीचा हात लागला तरी चालतो.
- कोडखाली फाईलचं नाव लिहा. लिंक बंद पडली तरी बॅकअपमध्ये फाईल शोधता येते.

लिंकऐवजी मजकूरच कोडमध्ये घालू का, असं बरेच जण विचारतात. सगळ्यात मोठ्या कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाईट मावतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं आणि मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात. नुसता 'कोल्हापूर' हा शब्द २७ बाईटचा होतो. त्यामुळे दोन-तीन ओळींचा मजकूर ठीक, मोठी गोष्ट नको.

## बॅकअप: ३-२-१ नियम

३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या गावात.

एकच प्रत असली की काय होतं हे आपल्या शहराला माहीत आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३) असे मूकपट काढले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. एवढ्या मोठ्या कामाचं असं होतं, तर आपल्या ट्रंकेची काय कथा?

घरासाठी सोपी मांडणी अशी:

- एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर.
- दुसरी क्लाऊडवर. गूगलच्या अकाऊंटला १५ जीबी फुकट मिळतात, त्यात जीमेल आणि ड्राईव्हही धरलेलं असतं. ४ एमबीचे ५०० फोटो म्हणजे साधारण २ जीबी, आरामात बसतात.
- तिसरी पेन ड्राईव्हवर, पुण्या-मुंबईतल्या बहिणीकडे किंवा भावाकडे. पेन ड्राईव्ह आणि अल्बम एकाच कपाटात ठेवले तर तो बॅकअप नाही.

वर्षातून एकदा फाईली उघडून बघा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांसोबत लॅपटॉपचीही पूजा होते. त्याच दिवशी हार्डडिस्क जोडून दहा फोटो उघडून बघायचे, एवढा नियम ठेवला की विसरायला होत नाही.

## फोटो भिजलेच तर काय करायचं?

1. ओल्या फोटोंचा गठ्ठा तसाच सुकू देऊ नका. सुकला की फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात.
2. हातमोजे घाला. गठ्ठा स्वच्छ, थंड पाण्यात ठेवा आणि फोटो हळूहळू सुटे करा. फोटोच्या पुढच्या बाजूला बोट किंवा कापड घासू नका.
3. चिखल हलक्या पाण्याने जाऊ द्या. सुटे झालेले फोटो चित्र वर करून सावलीत सुकवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको.
4. दोन दिवसांत सगळे होणार नसतील तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर थोडे थोडे काढून काम करा.
5. काचेच्या फ्रेममधला फोटो ओला असतानाच, वर पाणी सोडत काचेपासून वेगळा करा. सुकून चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा.
6. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो पाण्यात घालू नका, शाई पसरते. ते नुसते सपाट सुकवा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नुसतं डिजिटल स्क्रॅपबुक बनवलं तर?
चालेल, पण एक छापील प्रत काढाच. आजी-आजोबा पासवर्ड टाकून फोटो बघत नाहीत, आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस कायम असेलच असं नाही.

घरात मोडीतले कागद आहेत, त्यांचं काय?
वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. न दुमडता, ३०० ते ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. २०१४ पासून मोडी लिपी युनिकोडमध्ये आहे, आणि मोडी जाणणारे लोक आजही आहेत.

जुना फोटो एआय वापरून रंगीत करू का?
करा, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि रंगीत प्रतीच्या नावात 'एआय-रंगीत' असं लिहा. साडीचा रंग सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेला असतो. खरा रंग आजीला विचारा आणि तोही लिहून ठेवा.

सुरुवात कुठून करायची?
महागडं सामान नंतर आणा. या रविवारी घरातला सगळ्यात जुना ग्रुप फोटो काढा, दोन्ही बाजू स्कॅन करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसून त्यातलं प्रत्येक नाव लिहून घ्या. तुमच्या स्क्रॅपबुकचं ते पहिलं पान.