श्रुति-हार्मोनियम

श्रुति-हार्मोनियम हे विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात मांडल्या गेलेल्या श्रुतिसिद्धान्तावर आधारलेले वाद्य होय. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी पुरस्कारलेल्या या पेटीत सप्तकातील नेहमीच्या 12 स्वरांऐवजी 22 श्रुतींची सोय होती. वाद्याचा प्रसार झाला नाही. ध्वनीच्या उपकरणाची पारख मापनाने करावी की कानाने, या वादातील एक बोलके उदाहरण म्हणून मात्र ते महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

युरोपातून आलेल्या हार्मोनियमचे सप्तक 12 समान भागांत विभागलेले असते. तंबोऱ्याच्या नादाशी त्याचे स्वर पुरते जुळत नाहीत. षड्ज 240 कंपनांचा धरल्यास तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार 300 कंपनांचा असतो. पेटीचा गांधार सुमारे 302.4 येतो. फरक किरकोळ वाटतो, पण दोन्हींच्या वरच्या स्वरांशांत सेकंदाला 9 ते 10 हेलकावे निर्माण होतात आणि तयार कानाला ते खटकतात. पेटीवरील आक्षेप केवळ परकेपणाचा नव्हता, हे या आकड्यांवरून दिसते.

सांगलीचे देवल यांनी ताणलेल्या तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने मोजली आणि 1910 मध्ये हिंदू स्वरसप्तक व 22 श्रुती यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी सेवेतील क्लेमंट्स यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ 1913 मध्ये निघाला. या कामी त्यांना किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले. म्हणजे मापनाचा आधारही एका गवयाचा गळाच होता.

बडोद्याची परिषद

1916 मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवर चर्चा झाली. जमलेल्या कलावंतांनी तिला मान्यता दिली नाही. परिषदेचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वतः 12 स्वरांच्या चौकटीतच रागांची मांडणी केली.

या नकाराला हटवाद म्हणणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. पेटीचा प्रत्येक स्वर हा एक स्थिर बिंदू असतो. दरबारी कानड्याचा कोमल गांधार आंदोलनात असतो. तो कोठेतरी थांबवून मोजला तर आकडा मिळतो, पण राग निसटतो. पेटीत गणित अचूक असले तरी मींड आणि आंदोलन यांना तिच्यात जागाच नव्हती.

नंतरची मापने

नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वादनगायनातील स्वर विद्युत उपकरणांनी तपासले. एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडे, किंबहुना एकाच कलावंताकडेही, नेमक्या एका जागी राहत नाही, असे त्यांना आढळले. 22 ठरावीक जागांच्या कल्पनेला याने धक्का बसला. बडोद्यात कानाने दिलेल्या निकालाला पुष्टी मिळाली ती मापनाकडूनच, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ध्वनी उपकरणांशी साम्य

ध्वनिवर्धक आणि लाउडस्पीकर यांच्या परीक्षणात हाच पेच दिसतो. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या काही सुरुवातीच्या ध्वनिवर्धकांची विकृती पूर्ण क्षमतेवर मोजली असता अल्प दिसे, तरी हळू आवाजात त्यांचे वादन कर्कश वाटे. सिग्नलचा धन भाग संपून ऋण भाग सुरू होताना पडणारी लहानशी खोट त्या मापनात नीट उतरत नसे.

याउलट कानही सहज फसतो. किंचित मोठा आवाज अधिक चांगला भासतो. किंमत आणि नाव डोळ्यांसमोर असले की मत झुकते. म्हणून आवाजाची पातळी समान ठेवून, उपकरण पडद्याआड लपवून ऐकण्याची पद्धत रूढ झाली. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत असे प्रयोग केले. सपाट व सलग प्रतिसादाचे लाउडस्पीकर श्रोत्यांना सामान्यतः अधिक पसंत पडतात, असे त्यांत दिसले.

मिरजेची जवारी

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला कानसने बाक देतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवतात. हे काम कानानेच चालते. या वक्र घोडीमुळे वरचे स्वरांश इतके समृद्ध का होतात, याचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात केला. तोवर जवारी लावण्याची कला मिरजेत कित्येक दशके रुळलेली होती.