'कॅल्क्युलेटर' : एका कर्तृवाचक शब्दाचा इतिहास

'कॅल्क्युलेटर' हा शब्द उच्चारताच आज एक लहानसे यंत्र डोळ्यांपुढे येते. परंतु सुमारे एकोणीसशे वर्षांच्या ज्ञात इतिहासात बहुतेक काळ हा शब्द माणसाचा वाचक होता. यंत्राशी त्याचा संबंध जडला तो फार उशिरा. हा क्रम ध्यानात न घेतल्यास जुने लेख चुकीचे वाचले जातात. म्हणून शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याचे अर्थसंक्रमण ही दोन्ही तपासणे अगत्याचे आहे.

लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे चुनखडी. ह्या नामाला लघुत्ववाचक प्रत्यय लागून 'काल्कुलुस', म्हणजे लहान खडा, हे रूप सिद्ध झाले. रोमन लोक पाटीवर खडे मांडून आकडेमोड करीत. त्यामुळे खड्याचे नाव आकडेमोडीस मिळाले आणि त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'काल्कुलारे' हे क्रियापद बनले. मूळ अर्थ अजून लोपलेला नाही. इंग्रजी वैद्यकात मुतखड्याला 'कॅल्क्युलस'च म्हणतात. 'चॉक' आणि हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये योजिलेले 'कॅल्शियम' हे शब्दही ह्याच कुळातले होत.

येथे एका भ्रमाचे निरसन करणे जरूर आहे. संस्कृतात 'कल्' धातूचा 'मोजणे' असा अर्थ आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बेरीज-वजाबाकीस 'संकलित' व 'व्यवकलित' ह्या संज्ञा आहेत. ह्या साम्यावरून 'कलन' व 'कॅल्क्युलस' एकाच मूळचे असावेत, असे वाटण्याचा संभव आहे. पण लॅटिन शब्दाच्या मूळ अंगात मोजण्याचा अर्थच नाही. तो खड्याच्या वापरातून लॅटिनमध्येच मागाहून आला. तेव्हा केवळ ध्वनिसाम्यावरून नाते जोडणे युक्त होणार नाही.

रोममध्ये 'काल्कुलातोर' हा हाडामांसाचा मनुष्य होता. मार्शल ह्या कवीने लघुलेखकाच्या जोडीने त्याचा उल्लेख केला आहे. सम्राट डायोक्लीशनच्या इ. स. ३०१ मधील दरपत्रकात तर त्याचे मोलही दिलेले आहे : प्राथमिक शिक्षकास दर विद्यार्थ्यामागे दरमहा ५० दिनार, गणित शिकविणाऱ्या 'काल्कुलातोर'ला ७५. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील ब्रॅडवर्डीन, हेट्सबरी, स्वाइन्सहेड आदी विद्वानांनी गती व तिची वाढ ह्यांचा गणिताने विचार केला. ते 'ऑक्सफर्ड कॅल्क्युलेटर्स' ह्या नावाने प्रसिद्ध आहेत आणि त्यांपैकी स्वाइन्सहेड हा तर केवळ 'कॅल्क्युलेटर' ह्या बिरुदानेच ओळखला गेला. त्याच शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला, तो 'गणित करणारा' ह्याच अर्थाने.

पुढे हिशेबाच्या तयार कोष्टकांनाही हे नाव मिळाले. जे काम माणूस करी ते कोष्टक करू लागले, म्हणून कर्त्याचे नाव साधनाकडे गेले. तेथून यंत्राकडे जाणे सोपे होते. तथापि यंत्र आले म्हणून नाव लगोलग आले, असे झाले नाही. पास्कालने १६४२ मध्ये आरंभिलेले यंत्र 'अंकगणिती यंत्र' म्हणविले गेले आणि तोमा द कोल्मारचे १८२० चे यंत्र 'अॅरिथमोमीटर'. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'कॅल्क्युलेटर' व 'कॉम्प्युटर' ह्यांच्या सीमाही निश्चित नव्हत्या. हार्वर्डच्या १९४४ मधील महायंत्राच्या अधिकृत नावात 'कॅल्क्युलेटर' होता. केंब्रिजच्या 'एड्सॅक'ने ६ मे १९४९ रोजी स्मृतीत साठविलेली आज्ञावली चालविली, तरी त्याच्याही नावातले शेवटचे पद 'कॅल्क्युलेटर' हेच. उलट ज्या 'एड्व्हॅक'च्या आराखड्यावरून ते स्फुरले त्याच्या नावात 'कॉम्प्युटर'. त्यानंतर मोठ्या यंत्रांनी दुसरा शब्द घेतला, आणि १९६१ मधील 'अनिटा' व १९७२ मधील 'एचपी-३५' ह्यांसारख्या मेजावरच्या आणि खिशातल्या यंत्रांपुरता पहिला शब्द उरला. हा अर्थसंकोचाचा चांगला नमुना होय.

मराठीत ह्याच वाटेचे दोन टप्पे दिसतात. 'गणक' म्हणजे मोजणारा मनुष्य. बृहस्पतिस्मृतीत न्यायसभेच्या दहा अंगांत लेखकाबरोबर गणकही आहे. 'गणकयंत्र' ह्या समासात 'यंत्र' हे पद स्वतंत्र असल्याने वस्तू व व्यक्ती ह्यांची गल्लत होत नाही. 'संगणक' ह्या शब्दात मात्र 'गायक', 'लेखक' ह्यांतलाच कर्तृवाचक प्रत्यय थेट यंत्रास लागला आहे.

ह्याचे व्यावहारिक महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास लवकर कळते. राधानाथ सिकदर १८३१ मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दाखल झाले आणि पुढे 'चीफ कॉम्प्युटर' ह्या पदास पोचले. १८५६ मध्ये जाहीर झालेली 'शिखर क्रमांक १५'ची, म्हणजे एव्हरेस्टची, २९,००२ फूट ही उंची त्या खात्यातील अशा माणसांच्या आकडेमोडीवर उभी होती. ते पदनाम 'मुख्य संगणक' असे भाषांतरित केल्यास वाचकापुढे यंत्र उभे राहील आणि माणूस नाहीसा होईल. तेथे 'मुख्य गणक' हाच शब्द हवा.