जनता कॉलनी : एका वस्तीचा कालक्रम

मराठी समीक्षेत ‘झोपडपट्टी’ हा शब्द बहुधा एका दृश्याचा निर्देश करतो : पत्रे, गटारे, दारू, उघड्यावरचे संसार. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ (१९६३) या कादंबरीची चर्चाही मुख्यतः या दृश्याच्या दाहकतेभोवती फिरत राहिली. अशा वाचनात वस्तीला भूगोल मिळतो. कालक्रम मिळत नाही. जणू ती पावसाळी गवतासारखी आपोआप उगवली.

चेंबूरलगतच्या ट्रॉम्बे येथील जनता कॉलनीचा इतिहास या समजुतीला छेद देतो. शहराच्या मुख्य भागातून हटवलेल्या कुटुंबांना १९५०च्या सुमारास येथे आणून वसवले ते महापालिकेनेच. त्याच दशकात या परिसराचे औद्योगिक रूप आकाराला आले. १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला; अणुऊर्जा केंद्राची स्थापनाही १९५४चीच. तंत्रज्ञांसाठी वसाहती आखल्या गेल्या. बांधकामावरच्या व रोजंदारीच्या मजुरांनी मात्र आपला निवारा आपणच उभारावा, असे गृहीत धरले गेले.

पुढे अणुऊर्जा केंद्राला आपल्या वसाहतीसाठी हीच जमीन हवी झाली, आणि महापालिकेने वसवलेले रहिवासी कागदोपत्री ‘अतिक्रमक’ ठरले. माणसे तीच, घरे तीच. बदलले ते केवळ नाम. सत्तेची भाषा वास्तवाचे वर्णन करत नाही, ते घडवते, हा सिद्धान्त परदेशी ग्रंथांतून शिकण्यापूर्वी ट्रॉम्बेत अनुभवता आला असता. कोलारहून आलेले सुतार जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी अनेक वर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. तथापि आणीबाणीत, १७ मे १९७६ रोजी, वस्ती उठवण्यात आली. सुमारे सत्तर हजार माणसे खाडीलगतच्या दलदलीत, चीता कॅम्प येथे हलवली गेली. तेथे भरणी घालण्यापासून साऱ्याचा पुन्हा आरंभ झाला.

बाबुराव बागूल आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनाचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक नेमके कळते. बागुलांचे बालपण माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. अण्णा भाऊ चेंबूरशेजारच्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या कथांतील माणसे कुठून तरी आलेली असतात. त्यांच्यामागे गाव, जात, उपासमार असते. गलिच्छपणा तेथे स्वभावधर्म ठरत नाही.

तरीही ‘झोपडपट्टीचे साहित्य’ या चर्चेत जनता कॉलनी सहसा येत नाही. तेथील पुष्कळ घरांत तमिळ बोलली जाई, हे त्याचे एक कारण असावे. शहर बहुभाषिक असताना त्याच्या दारिद्र्याचा वाङ्मयेतिहास एकाच भाषेच्या कपाटात शोधला गेला.